दुखत नाही

तीन दिवस खिळा बुटात होता.
तिसऱ्या रात्री मोजा ओढताना
तो माझ्या बोटाला टोचला आणि मी किंचाळले.
विस्तीन म्हणाला, "काय झालं तुला?"

गोझोच्या खाणीत चाळीस वर्षं
त्यानं मऊ पिवळा दगड कापला.
अंगठ्याच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा,
सांगायचा, याच्या पोटात चीर आहे,
हा भिंतीत घालू नका.
स्वतःच्या पायातली चीर
त्याला ऐकू आली नाही.

साखर. डॉक्टर साखरच म्हणतात तिला,
जणू कपाच्या तळाशी राहिलेलं काहीतरी.
साखर तिथे मुंग्या, यात नवल काय,
रात्री पायांना मुंग्या यायच्या.
मग एका हिवाळ्यात मुंग्याही गेल्या.
आम्हाला वाटलं, सुटलो.

मग डावा पाय सुजला,
भट्टीतून काढलेल्या पावासारखा गरम,
आणि दुखेना.
न दुखणाऱ्या पायाची रजा कोण मागतं?
ऑगस्टच्या उत्सवात सात जणांबरोबर
त्यानं संताची मूर्ती खांद्यावर घेतली,
चर्चच्या पायऱ्या उतरला, चढावरची गल्ली चढला,
घरी येऊन म्हणाला,
बुटात वाळू गेल्यासारखं वाजतंय.

डॉक्टर शुएरेबनी फोटो उजेडावर धरला.
कमान खाली बसलेली,
तळवा बोटीच्या पेंदीसारखा बाहेर आलेला.
"हाडं मोडली, तुम्ही चाललात.
आणखी मोडली, तुम्ही चालतच राहिलात."
बोलताना त्या त्याच्याकडे नाही,
फोटोकडेच बघत होत्या.
विस्तीन म्हणाला, "हा तर खाणीतला खच."
"गुडघ्याखाली कापता येईल," त्या म्हणाल्या,
"किंवा बांधता येईल. पण बांधलेलं टिकेलच असं नाही.
आणि गेलेली जाणीव मी परत आणू शकत नाही."
"बांधा," तो म्हणाला,
गवंडी गवंड्याला सांगतो तसा.

सहा तास.
टाचेमागची ताठलेली शीर लांबवली.
मधून पाचरीएवढं हाड काढून टाकलं.
अंगठ्याच्या मुळापासून घोट्यापर्यंत
आतून लांब स्क्रू घातला,
आणि बाहेरून चार कड्या, हाडांतून आरपार तारा.
मी कॉफीच्या मशीनपाशी बसून
फेरीबोटीच्या वेळा पाठ केल्या.

रात्री मार्वीक नावाची नर्स आली, पोरगीच.
"शून्य ते दहा, किती दुखतंय?"
त्यानं पायाकडे पाहिलं.
"शून्य."
पहाटे तिनं पुन्हा विचारलं. शून्य.
सकाळी विचारलं तेव्हा म्हणाला, "पाच."
ती गोळ्या आणायला गेली.
मी त्याच्याकडे पाहत राहिले.
"एवढं केलं त्यांनी," तो पुटपुटला,
"दर वेळी शून्य म्हणायची लाज वाटली."
मग भिंतीकडे तोंड करून रडला.
तेवढं मात्र दुखत असावं.

तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही.
तो बसून, एकेक करत, जिना उतरायचा.
नातू कड्यांना पिंजरा म्हणायचा,
आत काय आहे आजोबा, विचारायचा.
रोज सकाळी मी मिठाच्या पाण्यानं
तारांच्या मुळाशी पुसायचे.
एकीतून पू आला, पुन्हा दवाखाना,
पुन्हा फेरीबोट. तेही झालं.

आता तळवा सपाट आहे. सुंदर नाही.
रात्री मी हातआरसा खाली धरते.
आमच्या बंदरातल्या होड्यांना
पुढे रंगवलेले डोळे असतात, खडक दिसावेत म्हणून.
या पायाला माझे आहेत,
चष्म्यासकट.

यंदाच्या उत्सवात तो खुर्चीवर होता,
बँडवाल्यांच्या दारात, मोठ्या काळ्या बुटात.
मूर्ती समोरून गेली. तुतारी, फटाके, पोरांचा कल्ला.
त्यानं मान तिरकी केली,
दगडाला कान लावायचा तशी.
"मागचा डावा," तो म्हणाला,
"पाऊल आपटतोय, टेकवत नाही. कोण तो?"
सालवूचा थोरला, मी म्हटलं.
"उद्या घरी बोलव त्याला.
आल्या आल्या
मोजे काढायला लाव."